उभ्या गाडीचा काटा

मास्तरांच्या दुकानाचा एक नियम होता, आणि तो मास्तरांइतकाच हट्टी होता. गाडीला मीटर कुठलंही बसवा, नवं बसवा नाहीतर दुसऱ्या गाडीचं काढून बसवा, पण जुन्या मीटरवर किलोमीटरचा जो आकडा असेल तोच नव्यावर आणल्याशिवाय गाडी दुकानाबाहेर जायची नाही. गाडी जितकी चालली तितकी चालली, तिचं वय कमी करणारे आपण कोण? एखादं गिऱ्हाईक डोळा मारून म्हणायचं, "मास्तर, वीसेक हजार उडवा की. कोण बघतंय?" मास्तर हातातला पेचकस खाली ठेवायचे, चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "मी बघतोय ना." मग गिऱ्हाईक निमूट बाकावर जाऊन बसायचं.

दुकान म्हणजे लांबट एकच खोली. रस्त्याच्या बाजूला शटर, मागच्या बाजूला नळ. डाव्या भिंतीला छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर मीटरंच मीटरं: गोल, चौकोनी, काच फुटलेली, काटा तुटलेली. मधोमध टेबल, टेबलावर लोंबता दिवा आणि दिव्याखाली मास्तरांचं स्टूल. स्टुलाचा एक पाय बोटभर आखूड होता, त्यामुळे माणूस जरा हलला की ते कुरकुरायचं. जगाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या मास्तरांना त्या पायाखाली लाकडाची एक चकती ठोकायला तीस वर्षांत सवड झाली नव्हती. बायको म्हणायची, "घरचं काम निघालं की तुमच्या हाताला मुंग्या येतात." ते खरंच होतं, आणि किती खरं होतं ते मास्तरांनाच ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी पुतणी गाडी ढकलत ढकलत घेऊन आली. कागदावर तिचं नाव काहीही असो, घरात ती ठमी. वीस वर्षांची झाली, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली, तरी ठमीच. गाडी तिच्या बापाची, म्हणजे मास्तरांच्या धाकट्या भावाची. गोल दिव्याची, जाड टाकीची, ठमीपेक्षा वयाने मोठी. अकरा वर्षं ती घरामागे जुन्या चादरीखाली उभी होती. ठमीने कुणालाही न विचारता इंजिन खोलून नीट करून घेतलं होतं, टायर बदलले होते, आणि आता घामाघूम होऊन ती दुकानाच्या पायरीवर टेकली होती.

"काका, हिला दोन मीटरवालं बसवायचं. नव्या मॉडेलला असतं ना, तसं. एक वेगाचं आणि एक इंजिनचे फेरे दाखवणारं."

"तुला कशाला हवेत फेरे? शर्यत लावणार आहेस?"

"दिसतं छान. आणि बाबांनाही हवं होतं की. तुम्हीच म्हणायचात म्हणे, आणून देतो, आणून देतो."

मास्तर गाडीभोवती फिरत टायर दाबून बघायला लागले.

"आणि आकडा तोच हवा हं," ठमी म्हणाली. "अडतीस हजार चारशे बारा."

"तुला बरा पाठ?"

"रोज टाकीवर बसून मीच वाचायचे ना मोठ्याने. शेवटी शेवटी तर तो बदलायचाच नाही. आजही चारशे बारा, उद्याही चारशे बारा. मला वाटायचं, आपली गाडी कुठे जातच नाही." असं म्हणून ती खळखळून हसली. मास्तरांनी तिला पाणी आणून दिलं.

आकडा बदलत नव्हता, कारण मीटर बंद पडलं होतं. धाकटा याच दुकानात काम करायचा, याच टेबलाच्या पलीकडच्या अंगाला. चार महिने तो सांगत होता, "दादा, एवढं माझं मीटर बघ ना." माझ्या हातून बिघडेल, तूच बघ, असं त्याचं म्हणणं. आणि मास्तर चार महिने म्हणत होते, "उद्या बघतो." मग तो दिवस उजाडला. धाकट्याने एका गिऱ्हाइकाची गाडी आकडा न जुळवताच देऊन टाकली. हात हलका होता त्याचा, पण डोकं भलतीकडेच असायचं. गिऱ्हाईक परत आलं आणि चार माणसांसमोर म्हणालं, "मास्तर, तुमच्याकडेही असलेच धंदे का?" मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी तिथल्या तिथे धाकट्याला झाडलं. बोलू नये ते बोलले. "एक काम टाकायची सोय नाही तुझ्यावर. तू असलास काय आणि नसलास काय, सारखंच!"

धाकट्याने हातातल्या फडक्याची घडी केली, ती टेबलावर ठेवली, बाहेर जाऊन गाडीला किक मारली आणि तो गेला. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजून दहा मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी गाडी सापडली, शहराबाहेर सतरा किलोमीटरवर, धरणाच्या भिंतीवर. स्टँडवर नीट उभी, किल्ली जागच्या जागी. माणूस सापडला नाही. पाण्यात शोधला, पाण्याबाहेर शोधला, वर्तमानपत्रात फोटो छापला, पण नाहीच. तेव्हापासून धाकट्याच्या बायकोच्या तोंडी एकच वाक्य बसलं होतं. चार माणसं जमली की ती म्हणायचीच, "जाताना मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही त्या माणसाने. पोरीसाठीसुद्धा नाही." ठमी त्या वाक्यावरच मोठी झाली. ते ऐकलं की मास्तर हातातला कप खाली ठेवायचे, आणि मग तो चहा तसाच गार व्हायचा.

त्या दिवसाबद्दल मास्तरांना आणखी एक गोष्ट ठाऊक होती. ती त्यांनी पोलिसांना सांगितली नव्हती, बायकोला सांगितली नव्हती. अकरा वर्षांत स्वतःशीसुद्धा ती धड उच्चारली नव्हती.

मास्तर कामाला लागले. भंगारातून आणलेली एक जोडी फळीवर पडून होती, ठमीच्या गाडीपेक्षा पंधरा वर्षांनी नव्या गाडीची. काळ्या तबकड्या, पांढरे आकडे, नारिंगी काटे. आता नव्या गाडीचं जुन्या गाडीला सरळ बसेल तर ते काम कसलं! भोकं जुळेनात. मास्तरांनी जाड पत्रा कापून पट्टी केली, घासली, वाकवली आणि तिच्यावर दोन्ही मीटरं शेजारी शेजारी बसवली. पुढच्या चाकातलं मीटरचं दातेरी चाकही या मीटरशी जमणारं नव्हतं. नवीन शुक्रवारी मिळणार होतं, म्हणून केबल जोडलीच नाही. फेऱ्यांच्या काट्याची वायर इंजिनच्या कॉइलला लागते, तीही मोकळी लोंबत ठेवली. बॅटरी काढून कोपऱ्यात ठेवली. टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता. सगळ्यात शेवटी मास्तरांनी वेगाच्या मीटरची काच उघडली, भिंग डोळ्याला लावलं आणि सुईच्या टोकाने एकेक चकती फिरवत आकडा जुळवला: तीन, आठ, चार, एक, दोन. दोनदा मोठ्याने वाचून काच बंद केली.

मंगळवारी दुपारी ते नेहमीसारखे घरी जेवायला गेले, जरा पडले आणि चारला परत आले. शटर वर केलं, दिवा लावला, आणि सहज नजर गेली तर आकडा होता अडतीस हजार चारशे त्रेसष्ट.

मास्तर स्वतःवरच चिडले. सहा म्हातारपणाचा आणि तीन झापडीचा, असं पुटपुटत त्यांनी काच उघडली आणि चारशे बारा लावून घेतले. आपण धाकट्याला ज्या चुकीबद्दल झाडलं तीच आपल्या हातून झाली, हे मात्र त्यांना बोचलं. रात्रीपर्यंत बोचत राहिलं.

बुधवारी चार वाजता आकडा पुन्हा चारशे त्रेसष्ट होता.

या वेळी ते चिडले नाहीत. त्यांनी केबल पाहिली, तिचं टोक हवेत लोंबत होतं. वायर पाहिली, तीही मोकळीच. दुकानाची दुसरी किल्ली बायकोकडे होती आणि बायको दुपारभर त्यांच्या डोळ्यांसमोर घोरत होती. एक्कावन्न किलोमीटर. मास्तरांनी तो आकडा कागदावर लिहिला आणि त्याच्याकडे बघत बसले. सतरा त्रिक एक्कावन्न. पण सतराच का, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही. चारशे बारा लावले आणि काच बंद केली.

गुरुवारी ते जेवायला गेले नाहीत. बायकोला निरोप धाडला की काम निघालंय. कुणी डोकावायला नको म्हणून शटर आतून खाली ओढलं, दिवा लावला आणि स्टुलावर गाडीच्या समोर बसले. भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी भांडी घासत होतं, ते थांबलं. दीड वाजला.

दीड वाजून दहा मिनिटांनी दोन्ही काटे उठले.

आवाज अजिबात नाही. गाडी जागची हलत नव्हती, चाक फिरत नव्हतं, पण वेगाचा काटा चाळीसवर गेला, पन्नासवर गेला, वळणावर यावा तसा उतरला, पुन्हा चढला. फेऱ्यांचा काटा त्याच्यासोबत वरखाली होत होता, गिअर बदलल्यागत मध्येच पडत होता. खालच्या खिडकीत शेवटची चकती सावकाश फिरत होती. तेरा. चौदा. पंधरा. मास्तरांच्या हातून पेचकस सुटून पडला तो त्यांनी उचललासुद्धा नाही. चारशे एकोणतीसला दोन्ही काटे शून्यावर आले. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

सतरा किलोमीटर. धरण.

पाऊण तास काहीच झालं नाही. मास्तरांना वाटलं, संपलं. उठावं, दार उघडावं, उजेडात जावं. पण ते स्टुलावरच बसून राहिले. तीनला दहा कमी असताना काटे पुन्हा उठले आणि आकडा पुढे सरकायला लागला. तीस, एकतीस, बत्तीस. आता मास्तर आकडा बघत नव्हते, घड्याळ बघत होते. तो कुठे निघाला होता आणि किती वाजता पोचणार होता, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सव्वातीनला, चारशे सेहेचाळीसवर, वेगाचा काटा शून्यावर आला. दुसरा आला नाही.

दुसरा काटा हजाराच्या जरासा वर थरथरत राहिला. म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू. जुन्या मीटरला असली उभी गाडी कधीच कळली नसती. चाक फिरलं नाही तर त्याच्या लेखी काही घडलंच नाही. या नव्या काट्याला मात्र कळत होती. कुणीतरी गाडीवरून न उतरता, इंजिन बंद न करता, एका जागी वाट बघत उभं होतं.

त्या दिवशीही मास्तर असेच जेवायला गेले नव्हते. रागाच्या भरात शटर आतून ओढून याच स्टुलावर बसले होते. सव्वातीनला बाहेर गाडी येऊन थांबली. सायलेन्सरचा तो खुळखुळता आवाज हजारात ओळखू आला असता. मास्तरांनी हात वर करून दिवा मालवला. बाहेरून हाक आली, "दादा?" मग जरा थांबून, "दादा, बाहेर कुलूप नाहीये. आत आहेस तू." मास्तर अंग चोरून बसले. स्टूल एकदा कुरकुरलं, तसा त्यांनी श्वास रोखून धरला. राहू दे जरा उभा, त्यांना वाटलं, कळू दे त्यालाही. आणखी एकदा हाक मारली की उघडू. नक्की उघडू. बाहेर इंजिन चालू होतं. धाकट्याने आणखी हाक मारली नाही. अकरा मिनिटांनी गाडीचा आवाज दूर गेला.

धाकटा मागे वळला होता. सतरा किलोमीटर मागे वळून आला होता. आणि दार बंद होतं.

अकरा वर्षं मास्तर त्या एका न मारलेल्या हाकेवर जगले होते. आणखी एकदा हाक मारली असती तर उघडलं असतं, हे रात्री उशीला आणि सकाळी आरशाला सांगत आले होते.

तीन वाजून सव्वीस मिनिटांनी दोन्ही काटे चालू लागले आणि चारशे त्रेसष्टवर जाऊन निजले.

शुक्रवारी सकाळी दातेरी चाक आलं. ठमी शनिवारी गाडी न्यायला येणार होती. आकड्यात एक्कावन्नचा फरक दिसला तर ती पोरगी विचारल्याशिवाय राहणार नव्हती, आणि प्रयोगशाळेत काम करणारीला सतरा त्रिक एक्कावन्न सांगायला लागलं नसतं. मग मास्तरांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. सुईने चकत्या मागे फिरवल्या. चारशे बारातून एक्कावन्न वजा करून अडतीस हजार तीनशे एकसष्ट लावले. दुपारी जे काही चालायचं ते चालेल आणि बरोबर चारशे बारावर येऊन थांबेल. एवढं करून ते दीडच्या आत घरी निघून गेले आणि चार वाजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सव्वातीन वाजले तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. उठून गेलो असतो तर दहा मिनिटांत पोचलो असतो, हे त्यांना त्या अकरा मिनिटांत पुरतं ठाऊक होतं. ते उठले नाहीत.

चार वाजता आकडा चारशे बारा होता.

शनिवारी ठमी एकच्या सुमाराला बाटलीत पेट्रोल घेऊन आली. मास्तरांनी चाक बसवलं, केबल जोडली, वायर जोडली, बॅटरी चढवली. ठमीने मीटरवर वाकून काचेवरून बोट फिरवलं.

"बरोब्बर चारशे बारा! काका, तुमचा आकडा म्हणजे आकडा. कधी म्हणून चुकायचा नाही."

मास्तरांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. हात पुसले, कुलूप घेतलं आणि शटर ओढायला बाहेर आले. जेवायची वेळ झाली होती. ठमीने किक मारली, आणि तो खुळखुळता आवाज अकरा वर्षांनी त्या रस्त्यावर पुन्हा उठला. नवा काटा हजाराच्या जरासा वर थरथरायला लागला.

"घरी जातेस ना?" मास्तरांनी विचारलं.

"आधी धरणावर. आईने कधी जाऊच दिलं नाही मला तिथे. बाबांची गाडी आहे, पहिली चक्कर तिथपर्यंत." तिने हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. "दीड वाजून दहा मिनिटं झाली, चारपर्यंत येते."

मास्तरांनी मीटरकडे पाहिलं. चारशे बारा. तो दिवस याच आकड्यावरून सुरू व्हायचा, आणि आकडा त्यांनीच आपल्या हाताने लावून दिला होता. त्यांनी शटर तसंच वर सोडलं, कुलूप खिशात टाकलं आणि म्हातारा पाय कसाबसा उचलून ते ठमीच्या मागे बसले.

"अहो काका! जेवण?"

"तू चल."

वाटेत ते तिच्या खांद्यावरून मीटर बघत होते. गाडी आता खरोखर चालत होती, चाक फिरत होतं, काटे चाळीस-पन्नासवर खेळत होते. सगळं रीतसर होतं. धरणाच्या भिंतीवर ठमीने गाडी स्टँडला लावली तेव्हा आकडा चारशे एकोणतीस होता.

पाणी संथ होतं. ऊन पार तळापर्यंत गेल्यासारखं वाटत होतं. ठमी कठड्यावर हात टेकून उभी राहिली.

"इथून ते कुठे गेले असतील?" ती म्हणाली. "मला एवढंच वाटतं काका, की एकदा तरी वळून बघायला हवं होतं."

मग मास्तरांनी सांगितलं. शटर, दिवा, हाक, अकरा मिनिटं. काही झाकलं नाही. मीटरचं तेवढं सांगितलं नाही, कारण ते त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं.

ठमी पाण्याकडेच बघत होती. "म्हणजे ते परत आले होते," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "परत आले होते." मग वळली. डोळे भरले होते, पण आवाज शांत होता. "तुम्ही हे कधीही सांगू शकत होता. एका वाक्याचं काम होतं."

"हो."

"मग का नाही सांगितलंत?"

"आधी भीती वाटली. मग उशीर झाला. मग उशीर झाला याचीच भीती वाटायला लागली."

ती त्यांच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ओढणीने तोंड पुसलं. "आईला सांगायचं. आजच. आणि तुम्ही सांगायचं."

"सांगतो," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या छातीवरचं कितीतरी वर्षांचं ओझं हललं. "आधी दुकान बंद करून घेऊ. सताड उघडं टाकून आलोय."

परत येताना दुकानाच्या रस्त्याला लागल्यावर मास्तरांनी मीटरकडे पाहिलं. चारशे पंचेचाळीस. गल्लीच्या वळणावर शेवटची चकती फिरली. चारशे सेहेचाळीस.

ठमीने गाडी दुकानासमोर थांबवली. इंजिन चालूच ठेवलं.

शटर खाली होतं.

"काकू आल्या असतील," ठमी म्हणाली. "त्यांनी लावलं असेल."

मास्तर खाली उतरले. शटरच्या बुडाशी फटीतून पिवळ्या उजेडाची रेघ बाहेर पायरीवर पडली होती. टेबलावरचा दिवा. बाहेर, कडीला, कुलूप नव्हतं. मास्तरांनी खिशात हात घातला. कुलूप खिशात होतं.

उजेडाची रेघ गेली. आत कुणीतरी दिवा मालवला.

मास्तरांनी शटरवर तळवा टेकला. पत्रा उन्हाने तापला होता. त्यांनी हाक मारली, "कोण आहे? दार उघड."

आत सामसूम.

आत कोण बसलंय ते त्यांना कळलं होतं, आणि त्या माणसाचं मन त्यांना तोंडपाठ होतं. तो फक्त आणखी एका हाकेची वाट बघत होता. एकच हाक. मग तो उठणार होता. नक्की उठणार होता. अकरा वर्षं त्याने तसा शब्द दिला होता.

मास्तरांनी सगळा जीव गोळा करून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी, दुसऱ्यांदा हाक मारली.

आत स्टूल कुरकुरलं.

मास्तर एक पाऊल मागे सरले. शटर वर येईल म्हणून त्याला वाट करून दिली आणि पावलांचा आवाज ऐकायला उभे राहिले. आतून पावलं आली नाहीत. स्टूल पुन्हा हललंही नाही. कुणीतरी फक्त जरा अंग चोरून बसलं होतं.

"काका," गाडीवरून ठमी हळूच म्हणाली, "आत कोण आहे?"

सव्वातीन वाजले होते. तिच्या हातांमध्ये फेऱ्यांचा काटा हजाराच्या जरासा वर थरथरत होता. मास्तरांनी तिसऱ्यांदा हाक मारली, मग चौथ्यांदा, आणि शटरच्या पत्र्याला कान लावला. आत कुणीतरी श्वास रोखून धरला होता.